उजवा दिवा

८ जानेवारी २००१, सोमवार

जिवंत आहे! बापू जिवंत आहेत, व्हॅनला ओरखडा नाही, आणि नाश्त्याचे एकशे दहा डबे एकही न लवंडता शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पोचले.

पहाटे साडेपाचला खाली उतरले तर समोरची मशीद गायब. अजान ऐकू येत होती, पण मनोरा नाही, हिरवा दिवा नाही, पलीकडची खजुराची झाडंसुद्धा नाहीत. व्हॅनच्या टपावरून पाणी ठिबकत होतं, पाऊस पडून गेल्यासारखं. काचेवर कालची धूळ आणि तिच्यावर हे दव. मी वायपर फिरवला आणि सगळा चिखल! बापू म्हणाले, "आधी बाटलीभर पाणी ओतायचं, मग वायपर. इथे काच पुसत नाहीत, धुतात."

मग बापूंची नेहमीची पद्धत. आधी म्हणायचं, मग करायचं. या देशात आलो तेव्हा मला कुठल्याच शाळेत जागा मिळेना, म्हणून चौथीपर्यंत जेवणाचं टेबल हीच माझी शाळा आणि बापू हेच मास्तर. पाढे तसेच शिकले, पत्रलेखन तसंच, आणि आता बावीस वर्षांची घोडी झाले तरी गाडीसुद्धा तशीच! "पट्टा. आरसे. खालचे दिवे — वरचे नाही, वरच्यांनी धुकं उजळतं, रस्ता नाही. काच दोन बोटं खाली, म्हणजे ऐकू येईल. पुढच्याच्या लाल दिव्यांमागे जायचं नाही, कडेच्या पिवळ्या पट्टीने जायचं." सगळं म्हटलं.

रस्त्यावर जो तो चारी दिवे लुकलुकवत चाललेला. उभा कोण आणि चालतोय कोण, काही कळत नाही. मी म्हटलं, "बापू, आपणही लावूया का? सगळे लावतात." तर म्हणाले, "ते उभ्या गाडीने लावायचे. सगळे चुकले म्हणून चूक बरोबर होत नाही."

लायसन्स मिळून सतरा दिवस झाले. चौथ्या परीक्षेत मिळालं. बापूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हणतात, समोरचा प्रत्येक दिवा कापूस फुटल्यासारखा पसरतो. मे महिन्यात पुण्याला ऑपरेशन. तोवर डबे पोचवणं माझ्याकडे, आणि ते माझ्या उजवीकडे बसून माझ्यासाठी ब्रेक दाबतात. ब्रेक तिकडे नाही. तरी दाबतात.

९ जानेवारी, मंगळवार

पुन्हा धुकं. पुन्हा जिवंत.

११ जानेवारी, गुरुवार

काल पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला माझं दार लागलं. ओरखडा दिसत नव्हता. तरी चैन पडेना. चिठ्ठी लिहिली — नाव, फ्लॅटचा नंबर, 'चूक माझी आहे' — आणि त्याच्या वायपरखाली ठेवली. आज संध्याकाळी तो माणूस दारात! चौथ्या मजल्यावरचा इजिप्शियन. "मादाम, कुठे लागलं ते मला दाखवा तरी!" आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन सगळं दार तपासलं. काही नाही. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आईने त्याला पाणी दिलं आणि वर चार चकल्या.

अवनी म्हणते, "ताई, यू आर सो वीअर्ड." अकरा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. मी म्हटलं, "आणि खरंच लागलं असतं तर?" "बट इट डिडन्ट!"

बापू पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिने केलं ते बरोबर केलं." बास. मला एवढंच हवं होतं.

१३ जानेवारी, शनिवार. भोगी

उद्या संक्रांत आणि बर दुबई भागातल्या शोभनाताईंची ऑर्डर — अडीचशे गुळपोळ्या. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या मराठी माणसांना नाश्त्याला वाटणार. सकाळी सातला पाहिजेत आणि गरम पाहिजेत! आई दिवसभर कुरकुरतेय, "गुळपोळी काय गरम खायची वस्तू आहे? दुसऱ्या दिवशीची खरी लागते. पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार!" मैमुनाबी लाटायला आज आणि उद्या पहाटे येणार. रत्नागिरीची आहे, आमच्याच बिल्डिंगच्या मागे राहते. गुळपोळी आईपेक्षा पातळ लाटते, आणि हे आईसमोर कोणी बोलत नाही.

माझा काळा ड्रेस इस्त्री केला. बापूंचा काळा शर्ट पण.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

अक्षर बघ कसं वाकडं येतंय. क्रमाने लिहिते.

पहाटे साडेपाचला निघालो. चार मोठे डबे, तव्यावरून उतरलेल्या पोळ्या, वर दुलया. आईने व्हॅनच्या काचा बंद करायला लावल्या, "गार होतील गं." धुकं आजवरचं सगळ्यात दाट. बॉनेट दिसत होतं, त्याच्यापुढे काही नाही. तीस-पस्तीसच्या वर गेले नाही. पिवळी पट्टी धरून चालले होते.

इंडस्ट्रियल एरियाच्या मागच्या रस्त्यावर, खोदकाम चालू आहे तिथे, काच एकदम पांढरी झाली. मला वाटलं धुकं वाढलं. बापूंनी काचेवर बोट फिरवलं तर आतून रेघ उमटली. पोळ्यांची वाफ! बापू म्हणाले, "एसी लाव." थंडीत एसी? मला क्षणभर कळलंच नाही. आणि तेवढ्यात उजवीकडून आवाज आला. धप्प. लगेच काच फुटल्याचा आवाज.

मी ब्रेकवर पाय ठेवला. बापू ओरडले — बापू कधी ओरडत नाहीत — "थांबू नकोस! मागे ट्रक आहे!" होताच. त्याचा हॉर्न मानेवर होता. मी पुढे घेतली. किती पुढे? पाचशे मीटर? किलोमीटर? एका टायरवाल्याच्या दुकानाचा बोर्ड दिसला, तिथे रस्त्याच्या खाली उतरवली.

उजवा दिवा फुटलेला. वरचा पत्रा आत गेलेला. मी मागे पळत निघाले तर बापूंनी मनगट धरलं. "आपण दोघं काळ्यात आहोत. संक्रांत आपली आहे, ट्रकवाल्याची नाही. तो तुला बघणारसुद्धा नाही." मग तिथेच उभे राहिलो आणि ऐकत राहिलो. मी ओरडले, "कोई है?" दोनदा. तीनदा. कोणी ओ दिली नाही. पण कण्हण्याचा आवाज एवढ्या लांबून येतो का?

त्या रस्त्याने पहाटे कामगार जातात. पायी, सायकलवर, तोंडाला मफलर गुंडाळून.

आठला वीस कमी असताना शोभनाताईंकडे पोचलो. "गिरिजा, चाळीस मिनिटं उशीर! पण गरम आहेत हो अगदी!" हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोल गं." मी तिळगूळ तसाच पर्समध्ये टाकला आणि डबे उतरवायला लागले.

साडेनऊला परत त्या रस्त्यावर. धुकं विरलेलं, लख्ख ऊन. तीन फेऱ्या मारल्या. रक्त नाही, चप्पल नाही, सायकल नाही. खोदलेला लांब चर, कडेला लाल-पांढऱ्या ड्रमांची रांग, आमच्या काचेचा थोडा चुरा. मी कामावरच्या एकाला विचारलं, "सुबह यहाँ कुछ हुआ था?" तो म्हणाला, "हम तो अभी आया." म्हणजे उचलून नेलं असेल कोणी तर? त्याला काय माहीत!

घरी आल्या आल्या म्हटलं, पोलिसांत जाऊ आणि सांगू. बापू म्हणाले, "सणाचा दिवस आहे. ड्रम असेल. तू आधी झोप." आईने गरम दूध देऊन जबरदस्तीने पांघरूण घातलं. आणि मी झोपले! पाच वाजेपर्यंत! कोणी कुठे पडलेलं असेल आणि मी झोपले.

१५ जानेवारी, सोमवार

आज किंक्रांत. मी सकाळी कपडे करून तयार. आई दारात आडवी उभी, "किंक्रांतीला पोलिसाची पायरी चढतेस? वर्षभर मागे लागेल!" मी बापूंकडे बघितलं. वाटलं हसतील. मांजर आडवी गेली तर तिला आधी जाऊ द्यायचं, तिला घाई असेल, असं मला शिकवणारे बापू! ते म्हणाले, "आई म्हणते ते ऐक. आज नको."

मला खरंच धक्का बसला.

इथे माणूस उडवला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुरुंग. त्याच्या घरच्यांना रक्ताची भरपाई. मग व्हिसा खलास, आणि विमानात बसवतात. आईचं स्वयंपाकघर, बापूंची सतरा वर्षं, अवनीची शाळा. हे सगळं मलाही कळतं. पण न सांगता गेलेला प्रत्येक दिवस त्यात भरच घालतो ना? आज नको, आज नको म्हणत कधीपर्यंत?

१६ जानेवारी, मंगळवार

मैमुनाबीला सांगितलं. तिने पीठ मळता मळता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "थांब, ह्यांना विचारते." तिचा नवरा टॅक्सी चालवतो. टॅक्सीवाल्यांना पोलिसांच्या आधी कळतं. संध्याकाळी ती मुद्दाम परत आली. "अगो, रविवारी तिकडे कोण मेला नाय, कोण लागला नाय. ह्यांनी दहा जणांना विचारलं. आता जेव."

जेवले. दोन पोळ्या आणि भात. रविवारपासून पहिल्यांदा चव लागली.

१७ जानेवारी, बुधवार

फुटक्या दिव्याची व्हॅन घेऊन दौलत खानकडे गेलो. इंडस्ट्रियल एरियात त्याचं गॅरेज आहे, आमची व्हॅन पहिल्यापासून त्याच्याकडेच. त्याने दुरूनच हात वर केले. "बापूजी, पुलिस का कागज़? कागज़ बिना हाथ नहीं लगाएगा. गॅरेज बंद कराओगे मेरा?" बरोबरच आहे. इथे ठोकलेल्या गाडीला पोलिसांच्या कागदाशिवाय कोणी स्क्रूसुद्धा लावत नाही. बापू म्हणाले, "मिलेगा. थोडे दिन. इन्शाल्ला." कसा मिळेल? गेल्याशिवाय?

दौलतने मात्र खाली बसून दिव्याच्या खोबणीत बोट घालून पाहिलं. "बेटी, देख. खून नहीं, बाल नहीं, कपड़े का धागा नहीं. आदमी लगे तो बोनट पे आता है. ये तो कोई डब्बा-शब्बा है." मी त्याच्याकडे बघून इतकी हसले की त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्याने दिव्यावर प्लॅस्टिक लावून पारदर्शक टेप चिकटवली. "पानी नहीं जाएगा. अँधेरे में मत चलाना." म्हणजे आता सूर्य वर आल्यावर निघायचं. दोन गिऱ्हाइकांनी फोन करून उशिराबद्दल ऐकवलं. आईने दिव्याची किंमत विचारली, एकशे ऐंशी दिरहम. "म्हणजे बावीसशे रुपये! एका दिव्याचे!"

फुटक्या दिव्यातून निघालेला काचेचा एक मोठा तुकडा मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलाय. का, ते माहीत नाही. टाकवत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

पाऊस! वर्षात चार दिवस पडतो, आणि पडला की शहराला कळत नाही पाण्याचं करायचं काय. गटारंच नाहीत तर जाणार कुठे? इंडस्ट्रियल एरियाचे रस्ते म्हणजे तळी. मी बापूंना म्हटलं होतं, खोदकामाच्या रस्त्याने जाऊ, मला आज तो चर आतून बघायचाय. जवळ पोचायच्या आतच व्हॅनच्या चाकांवर पाणी. एक बस बाजूने गेली, तिची लाट आली, आणि इंजिन भुस्स करून बंद!

मी किल्लीला हात घातला. बापूंनी तो हात धरून ठेवला. "फिरवू नकोस! आत पाणी गेलं असेल तर फिरवलीस की इंजिन मोडेल. बंद पडली ना, पडू दे. बंद पडलेली गाडी दुरुस्त होते." खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना खुणावलं, आणि आता मात्र त्यांनी स्वतःच चारी दिवे लावायला सांगितले. मी म्हटलं, "उभ्या गाडीने लावायचे!" म्हणाले, "शाबास." दोघंही हसलो. गुडघाभर पाण्यात, डब्यांवर आईचा रेनकोट, आणि हसतोय!

चार पठाण सलवारी वर खोचून आले, "यल्ला, यल्ला!" करत व्हॅन ढकलत कोरड्यात नेली. पैसे घेतले नाहीत. बापूंनी डबे दिले, ते घेतले. दौलतने येऊन एअर फिल्टर काढला, प्लग पुसले, दोन तास वाळवलं. सुरू झाली! त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

चर बघता आला नाही. काठोकाठ पाणी.

१९ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. सगळे झोपलेत, दुपार आहे. एक गोष्ट लिहिली नव्हती. इथेही नाही, हे वाईट. आता लिहिते.

रविवारी बापू म्हणाले "एसी लाव", तेव्हा मी एसी लावला नाही. मी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि ओढणीने काच पुसायला लागले. माझ्यासमोर हातभर पुसलं. धप्प झालं तेव्हा मी रस्त्याकडे बघतच नव्हते, काचेकडे बघत होते. पिवळी पट्टी सुटली होती. म्हणजे जे काय झालं ते धुक्याने नाही, वाफेनेही नाही. ते माझ्यामुळे झालं.

बापूंना माहीत असणार. ते शेजारीच होते. पण एका शब्दाने बोलले नाहीत.

आणि दुसरं. हे लिहायला जास्त जड जातंय. सकाळी पुन्हा विचारलं, "आज जाऊया का?" तर म्हणाले, "आज शुक्रवार, मोठा साहेब नसतो." काल काय, तर पाऊस. त्याच्या आधी किंक्रांत. बापू घाबरलेत. मला समजतं. घर आहे, पोरी आहेत, माणूस घाबरतो. पण ते जेवायच्या टेबलावर मला शिकवायचे, की चूक लपवली की चुका दोन होतात. मला आज पहिल्यांदा बापूंची लाज वाटली. लिहून टाकलं. खोडणार नाही.

२० जानेवारी, शनिवार

ड्रम! ड्रम! ड्रम!

मैमुनाबीला सोबत घेऊन गेले. तिच्या नवऱ्याने टॅक्सीने सोडलं. पाणी उतरलंय, पण चरात अजून कमरेएवढं आहे, आणि त्या पाण्यावर आडवा तरंगत होता एक लाल-पांढरा प्लॅस्टिकचा ड्रम! रांगेतला एक कमी होता, ती जागा तशीच रिकामी. म्हणजे आमच्या धक्क्याने तो चरात पडला आणि चिखलात रुतून बसला. रविवारी मी कडेने तीन फेऱ्या मारल्या, पण आत वाकून पाहिलंच नव्हतं. पावसाने त्याला वर आणलं!

मैमुनाबीने एका मजुराकडून लांब बांबू मागून घेतला आणि दोघींनी तो काठाला ओढला. एका बाजूने खोल चेपलेला. चेपलेल्या जागी आमच्या व्हॅनचा पांढरा रंग. आणि चिरेत अडकलेली काच! मी पर्समधला तुकडा काढला, रुमाल सोडला, शेजारी धरला. तुटलेली कड कडेला बसली. अगदी बरोबर बसली!

मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसता श्वास येत राहिला, आत गेलेला सगळा बाहेर. मैमुनाबी कमरेवर हात ठेवून उभी. "ड्रमासाठी सहा दिवस उपाशी राहिलीस? पुढल्या वेळी ड्रमाला विचारून ठोक." तो मजूर बिहारचा होता, त्याला काही कळलं नाही, पण तोही हसत होता. त्याला मी पर्समधला सगळा तिळगूळ दिला.

घरी आले तेव्हा बापू बाहेरच्या खोलीत होते. म्हटलं, "ड्रम होता. काच जुळली. माणूस नव्हता, बापू." ते उभे होते ते खाली बसले. मग उठून न्हाणीघरात गेले आणि किती वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "बरं झालं," म्हणाले. "चहा कर."

आईने देवापुढे साखर ठेवली. अवनी म्हणाली, "टोल्ड यू." तिने काहीसुद्धा टोल्ड केलेलं नव्हतं!

आज हा जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोनसुद्धा छान दिसतोय.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी पुन्हा धुकं होतं, पण विरळ. ऊन येईपर्यंत थांबलो. पोहे भरताना मी डब्यांची झाकणं पाच मिनिटं उघडी ठेवली आणि निघतानाच एसी लावला. बापू कुडकुडत शाल घेऊन बसले. "आता बरोबर," म्हणाले. "आता तू मला थंडीने मार." काच लख्ख! खोदकामाच्या रस्त्यावरून गेले. पिवळी पट्टी, ड्रमांची रांग, सगळं दिसत होतं. मी हात हलवला ड्रमांना. बापूंनी बघितलं. मिशीत हसले.

येताना म्हटलं, "आता पोलिसांकडे जायला काय हरकत? ड्रम फोडला असं सांगायचं, दंड भरायचा, कागद घ्यायचा, दिवा बसवायचा." किती सोपं झालंय सगळं! बापू म्हणाले, "मी जाईन. तू येऊ नकोस."

"पण गाडी मी चालवत होते."

"सांगितलं ना, नको."

"बापू, आता कशाला घाबरता? माणूस नव्हता!"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला. राग आला म्हणजे काय, सुटकेनंतरचा हलकासा राग, तरी राग. आठ दिवस ह्यांच्या 'आज नको'ने मी जळले. हिंमत करून पहिल्याच दिवशी गेले असते तर? उद्या मीच जाणार. सांगणारच नाही कोणाला. मी ज्या टेबलावर शिकले त्याच टेबलाचं ऐकणार.

२२ जानेवारी, सोमवार

गेले. अधिकाऱ्याला हिंदी छान येत होती. गाडीचा नंबर सांगितला, तारीख सांगितली. 'गाडी मी चालवत होते' हे वाक्य ओठावर होतं, तेवढ्यात त्याने रजिस्टर उलटलं.

"ये तो लिखा हुआ है. चौदह तारीख, दोपहर तीन बजे. आपके वालिद आए थे. बोले, गाड़ी मैं चला रहा था, ग़लती मेरी है, किसी को लगा हो तो मुझे बुलाना."

त्याने ड्रॉवर उघडला. रबर लावलेल्या गठ्ठ्यात बापूंचा पासपोर्ट, जामीन म्हणून ठेवून घेतलेला. आठ दिवस तिथेच होता.

"म्युनिसिपालिटी से जवाब आ गया, ड्रम था. खलास. आज फ़ोन करेंगे, आके पासपोर्ट और कागज़ ले जाएँ." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बोले थे, बेटी बाजू में बैठी थी, बहुत डर गई है, उसको मत बुलाना. आप ही बैठी थीं बाजू में?"

मी त्या पासपोर्टकडे बघत होते.

"जी," म्हटलं.

घरी बापू मटार सोलत बसले होते. "कुठे गेली होतीस?"

"कोथिंबीर आणायला."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग थोडे सरकले आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे केल्या.